डांगी गोवंश आणि पैदासकार संघाचे वर्ष : नाशिक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील डांगी हा अतिवृष्टीच्या प्रदेशात टिकणारा देशी गोवंश आहे. अशा गोवंशाचे भवितव्य गायींच्या एकूण संख्येपेक्षा उपलब्ध वळूंची संख्या, त्यांची निवड आणि त्यांची फिरवाफिरव यांवर अधिक अवलंबून असते. हे काम एकट्या पशुपालकाच्या आवाक्यातील नसल्याने पैदासकारांच्या संघाची गरज निर्माण होते. अशा संघाने वर्षभरात कोणती कामे करावयाची असतात, ती कोणत्या ऋतूशी आणि कोणत्या कारणाने जोडलेली असतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : डांगी गोवंश, पैदासकार संघ, वळू, वंशनोंद, पशुप्रदर्शन, नाशिक.

प्रस्तावना

नाशिक जिल्हा म्हटले की द्राक्षे आणि कांदा ही दोन पिके प्रथम नजरेसमोर येतात. परंतु जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या पट्ट्याचे जीवन यापेक्षा सर्वस्वी वेगळे आहे. इगतपुरी परिसरात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील सिन्नर आणि येवला हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत भात, नागली व वरई ही प्रमुख पिके होत. उताराच्या लहान खाचरांत, गुडघाभर चिखलात आणि सततच्या पावसात औत ओढणारा बैल ही तेथील शेतीची मूळ गरज होती. ती गरज ज्या गोवंशाने पिढ्यान्‌पिढ्या भागवली, तो गोवंश म्हणजे डांगी.

देशी गोवंशाविषयी आज पुष्कळ बोलले जाते. दि. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' असा दर्जा दिला. तथापि गायीविषयीचा आदर आणि गोवंशाचे शास्त्रीय संवर्धन या दोन भिन्न गोष्टी आहेत. जनावर जिवंत राहिले म्हणून वंश टिकला असे होत नाही. वंश टिकण्यासाठी त्या जनावरापासून योग्य निवडीने पुढची पिढी जन्मावी लागते. ही निवड कोण करतो, कशी करतो आणि वर्षाच्या कोणत्या काळात करतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे. कोणत्याही एका संस्थेचा वार्षिक अहवाल सादर करणे हा या लेखाचा हेतू नाही. डांगी पट्ट्यातील ऋतुमान, सण, बाजार आणि पशुसंवर्धनाचे नियम यांच्या आधारे पैदासकार संघाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करणे, एवढीच त्याची मर्यादा आहे.

डांगी गोवंशाचा परिचय

डांग या डोंगराळ प्रदेशावरून या गोवंशास डांगी हे नाव पडले. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा डांग जिल्हा गुजरातमध्ये गेला. त्यामुळे डांगीचे क्षेत्र दोन राज्यांत विभागले गेले. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागाबरोबरच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका, तसेच ठाणे व पालघर जिल्ह्यांचा लगतचा डोंगराळ भाग हे या गोवंशाचे क्षेत्र आहे. महादेव कोळी, ठाकर, कानडी आणि मराठा समाजातील कुटुंबांनी हा गोवंश प्रामुख्याने सांभाळला.

पांढऱ्या अंगावर लाल किंवा काळे तुटक ठिपके ही डांगीची सहज ओळखू येणारी खूण. ठिपक्यांचे प्रमाण व ठेवण यांनुसार पशुपालक जनावरांना वेगवेगळी स्थानिक नावे देतात. खूर काळे व अतिशय टणक असतात. त्यामुळे दगडाळ वाटेवर आणि सततच्या ओलीतही ते टिकून राहतात. या जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो व त्यामुळे मुसळधार पावसातही त्याला बाधा होत नाही, असे या गोवंशाच्या बहुतेक वर्णनांत नमूद केलेले आढळते. डांगी चपळ नाही. मात्र चिखलणी, ओझे ओढणे आणि लाकूड वाहून नेणे अशा संथ व कष्टाच्या कामांत तो चिवट आहे. गाय दूध कमी देते. म्हणूनच केवळ दुधाच्या हिशेबाने पाहणाऱ्यास हा गोवंश तोट्याचा वाटतो.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने महाराष्ट्रातील ज्या गोवंशांना मान्यता दिली आहे, त्यांत खिल्लार, देवणी, गवळाऊ, लाल कंधारी, कोकण कपिला आणि कठाणी यांच्यासोबत डांगीचाही समावेश आहे. मात्र मान्यतेमुळे वंशाचे नाव सुरक्षित होते. त्याची संख्या त्यामुळे टिकत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार २०१२ च्या तुलनेत महाराष्ट्रातील गोवर्गीय पशुधन सुमारे १० टक्क्यांनी घटले. देशपातळीवर याच काळात देशी गोवंशात सुमारे ६ टक्के घट आणि विदेशी व संकरित गोवंशात सुमारे २७ टक्के वाढ नोंदवली गेली.

संघ कशासाठी? वळूंच्या संख्येचे गणित

गोवंशाचा विचार करताना सामान्यतः गायी मोजल्या जातात. आनुवंशिकशास्त्र मात्र आधी नर मोजते. कळपातील प्रत्यक्ष संख्येपेक्षा 'परिणामकारक संख्या' महत्त्वाची असते. तिचे प्राथमिक सूत्र असे : प्रजननक्षम नर आणि माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करावी आणि तिला त्या दोन संख्यांच्या बेरजेने भागावे. शंभर गायी आणि एक वळू असल्यास परिणामकारक संख्या केवळ ४ येते. शंभर गायी आणि पाच वळू असल्यास ती १९ होते. याउलट एक हजार गायी आणि तीनच वळू असतील तर ती जेमतेम १२ भरते. म्हणजेच हजार गायींचा हा कळप, शंभर गायी व पाच वळू असलेल्या कळपापेक्षा आनुवंशिकदृष्ट्या दरिद्री ठरतो.

सगोत्र संकराचा वेग पिढीमागे एक टक्क्याच्या आत ठेवावयाचा असेल, तर परिणामकारक संख्या किमान ५० असावी, हा आंतरराष्ट्रीय अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनातील सर्वमान्य निकष आहे. हजार गायींच्या कळपासाठी हा निकष गाठावयाचा तर परस्परांशी नाते नसलेले किमान तेरा वळू लागतात. एका वाडीला एक वळू पुरेल. परंतु तो वळू दुसऱ्या बारा वाड्यांतील वळूंचा भाऊ नाही, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. शिवाय त्याच्या स्वतःच्या कालवडी माजावर येण्यापूर्वी, म्हणजे साधारण तीन वर्षांत, त्याला दुसऱ्या गावी पाठवावे लागते. बाप आणि लेक यांच्या संकरातून जन्मणाऱ्या वासरात सगोत्रतेचे प्रमाण २५ टक्के असते. ही नोंद आणि ही फिरवाफिरव एकट्या पशुपालकाला शक्य नाही. संघाचे पहिले प्रयोजन येथे आहे.

दुसरे प्रयोजन बाजाराच्या स्वभावातून निर्माण होते. ज्या गोवंशाचे मोल ओढकामावर ठरते, त्यात उत्तम खोंडाला उत्तम बैल म्हणून किंमत येते. म्हणून त्याचे खच्चीकरण लवकर होते आणि तो विकला जातो. मागे उरतो तो न विकलेला, डावा खोंड. आणि रानात गायींसोबत चरताना पुढच्या पिढीचा बाप तोच ठरतो. अशा रीतीने बाजार प्रत्येक पिढीतील उत्तम नर पैदाशीतून बाहेर काढत राहतो. पूर्वी देवाच्या नावाने सोडलेला किंवा गावाने सामाईक पोसलेला वळू या प्रवृत्तीला काही अंशी आळा घालीत असे. ती प्रथा क्षीण झाल्यावर वळूच्या पोषणाचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न उघडा पडला. नैसर्गिक पैदाशीत साधारणतः ५० ते ६० गायींमागे एक वळू असे प्रमाण धरले जाते. लाभ पन्नास दावणींना आणि खर्च एकाच दावणीला, अशा स्थितीत सामाईक व्यवस्थेवाचून वळू टिकत नाही.

वर्षाचे कार्यचक्र

संघाचे वर्ष आर्थिक वर्षाप्रमाणे चालत नाही. ते पावसाप्रमाणे चालते. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. उन्हाळा : गणना व लसीकरण. चैत्र-वैशाखात भाताच्या रोपासाठी राब भाजला जातो. पालापाचोळा, फांद्या आणि गोवऱ्या यांचा थर जाळून रोपवाटिकेची जागा तयार करण्याची ही पद्धत. शेणाचा हा उपयोग दुधाच्या हिशेबात कधीच धरला जात नाही. याच काळात जनावरे गावाजवळ असतात, म्हणून गणनेला हा काळ सोयीचा. गाभण किती, भाकड किती, खच्चीकरण न झालेले खोंड किती, याची वाडीनिहाय यादी करणे हे वर्षातील पहिले काम. त्यासोबत पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांचे लसीकरण पूर्ण व्हावे लागते. लाळ्या-खुरकुताचे लसीकरण २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांतर्गत दर सहा महिन्यांनी केले जाते. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस देण्याची तरतूदही याच कार्यक्रमात आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यापासून दूर असलेल्या पाड्यावर लस वेळेवर व थंड स्थितीत पोहोचणे हे गावाने एका दिवशी जनावरे एकत्र आणण्यावर अवलंबून असते. संघाचे काम हा दिवस ठरविण्याचे आणि पाळण्याचे आहे.

२. पावसाळा : कामाची कसोटी. आषाढात चिखलणी आणि आवणी सुरू होते. डांगीच्या गुणांची खरी परीक्षा या पाच-सहा आठवड्यांत होते. कोणता बैल चिखलात लवकर थकला, कोणाच्या खुरात जखम झाली, कोणाला ताप आला, या गोष्टी शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. पण त्या लिहिल्या जात नाहीत. बैलाचे खच्चीकरण झालेले असल्याने त्याची स्वतःची संतती नसते. परंतु त्याचा बाप आणि त्याचे सख्खे-सावत्र भाऊ पैदाशीत असू शकतात. म्हणून बैलाच्या कामाची नोंद ही वस्तुतः त्याच्या बापाची परीक्षा असते. संघाने या हंगामात प्रत्येक जोडीविषयी चार ओळी जरी टिपल्या, तरी काही वर्षांत वळूंची तुलना करण्याइतकी सामग्री जमते.

हिरवा चारा मिळू लागला की माजावर येणाऱ्या गायींचे प्रमाणही वाढते. गायीचा गर्भकाळ सुमारे २८० ते २८५ दिवसांचा असतो. ऑगस्टच्या मध्यास फळलेली गाय मेच्या अखेरीस वितो आणि वासराच्या आयुष्याचे पहिलेच आठवडे मुसळधार पावसात जातात. म्हणून गाय कोणत्या आठवड्यात कोणत्या वळूकडून फळली, ही तारीख वंशनोंदीसाठी जितकी उपयुक्त, तितकीच गोठ्याच्या तयारीसाठीही आवश्यक असते.

३. पोळा आणि वाघबारस : सार्वजनिक मोजणी. नाशिक परिसरात श्रावण अमावास्येला पोळा साजरा होतो. गावातील सर्व बैल एकाच वेळी वेशीपाशी येतात, असा वर्षातील हा एकमेव दिवस. सणाचा आनंद कायम ठेवूनही, गावात यंदा किती जोड्या उरल्या आणि त्यांत डांगीच्या किती, हे मोजण्यास यापेक्षा चांगला प्रसंग नाही. पुढे आश्विन वद्य द्वादशीला अन्यत्र वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते. सह्याद्रीच्या या पट्ट्यातील आदिवासी गुराखी त्याच दिवशी वाघबारस पाळतात आणि गुरांच्या रक्षणासाठी वाघदेवाची पूजा करतात. ही प्रथा डोंगरातील पशुपालनाच्या एका वास्तवाकडे निर्देश करते : चराई जंगलात आहे आणि जंगलात बिबट्या आहे. बिबट्याने मारलेल्या जनावराबद्दल वन विभागाकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी वेळेत सूचना, पंचनामा आणि जनावराच्या मालकीचा पुरावा लागतो. संघाकडे जनावरनिहाय नोंद असेल तर हा पुरावा आपोआप तयार असतो.

४. हिवाळा : चारा, निवड आणि प्रदर्शन. भाताची कापणी झाल्यावर पेंढा आणि डोंगरउतारावरचे वाळलेले गवत साठविणे हे कार्तिक-मार्गशीर्षातील काम. संघाच्या दृष्टीने याच काळात त्याहून महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागतो. तो म्हणजे खोंडांची निवड. खच्चीकरणापूर्वी खोंड पाहून, त्याची आई, तिची वेते आणि बाप यांची नोंद तपासून, कोणता वळू म्हणून राखावयाचा हे ठरविले गेले पाहिजे. मालकास बैलाच्या विक्रीतून मिळाला असता तो लाभ काही अंशी भरून देण्याची जबाबदारीही संघाने उचलली पाहिजे. अन्यथा निवड केवळ कागदावर राहते.

प्रदर्शनाचे खरे महत्त्व या संदर्भात लक्षात येते. अकोले तालुक्यातील राजूर येथील डांगी जनावरांचे प्रदर्शन या संपूर्ण पट्ट्यात प्रसिद्ध आहे. घोटीचा बाजार तर डांगी बैलांच्या खरेदी-विक्रीचे जुने केंद्र. अशा प्रदर्शनांत आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला अशा दातांवरून ठरणाऱ्या वयोगटांत वळूंची, तसेच गायी व कालवडींची स्वतंत्र पारख होते. वशिंड, पोळी, शिंगे, खूर आणि रंगाची ठेवण पाहिली जाते. बक्षिसाची रक्कम सहसा मोठी नसते. तथापि पहिला क्रमांक मिळालेल्या वळूची कीर्ती पंचक्रोशीत पसरते आणि त्याच्याकडे गायी येऊ लागतात. खोंड न बडवता राखण्यास मालकाला कारण मिळते. बाजार ज्या नराला पैदाशीतून बाहेर काढू पाहतो, त्याला प्रदर्शन आत ठेवते. या अर्थाने प्रदर्शन हा करमणुकीचा कार्यक्रम नसून पैदास व्यवस्थेचा आधार होय.

प्रदर्शनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तेथे वळूचे शरीर दिसते, त्याची संतती दिसत नाही. सजवून, खाऊ-पिऊ घालून आणलेले जनावर एका दिवसासाठी उत्तम दिसू शकते. त्यामुळे वळूसोबत त्याच्या दोन-तीन कालवडी किंवा खोंडही पाहावेत, असा गट ठेवल्यास परीक्षण अधिक अर्थपूर्ण होईल.

५. वर्षअखेर : हिशेब आणि वळूंची अदलाबदल. माघ-फाल्गुनात शेतीची कामे संपलेली असतात. वार्षिक सभा, वर्गणीचा हिशेब आणि पुढील वर्षाच्या वळूंचे वाटप या काळात होणे योग्य. कोणता वळू कोणत्या वाडीत तीन वर्षे राहिला, तो आता कोठे जाईल, त्याच्या चाऱ्याचा वाटा कोण उचलेल, हे ठराव सभेत नोंदविले जावेत. सर्वांत कमी समारंभाची आणि सर्वांत अधिक महत्त्वाची अशी ही सभा असते.

नोंदवहीचे महत्त्व : इतरत्रचे अनुभव

पशुपैदाशीच्या इतिहासात संघ आणि नोंदवही यांचा जन्म जवळपास एकत्रच झाला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल याने उत्तम नर विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देण्याची पद्धत रूढ केली. संतती पाहून नराची पारख करणे त्यामुळे शक्य झाले. पुढे १८२२ मध्ये जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न जातीची वंशनोंदवही प्रसिद्ध केली. भारतातून गेलेल्या गीर, ओंगोल आणि कांकरेज या गोवंशांचा ब्राझीलमध्ये जो विस्तार झाला, त्यामागेही उबेराबा येथील पैदासकार संघाची वंशनोंद आणि तेथे दरवर्षी भरणारे मोठे प्रदर्शन यांचा वाटा आहे. प्रदर्शन आणि नोंदवही ही तेथे एकाच संस्थेची दोन अंगे आहेत.

भारतात केंद्र शासनाने १९६३ मध्ये केंद्रीय कळप नोंदणी योजना सुरू केली. तीत गीर, कांकरेज, हरियाणा व ओंगोल हे गोवंश आणि मुऱ्हा, सुरती, मेहसाणी व जाफराबादी या म्हशींच्या जाती घेण्यात आल्या. या यादीत डांगी नव्हता. डांगीचा वंशेतिहास त्यामुळे प्रामुख्याने पशुपालकांच्या स्मरणात राहिला. स्मरण ही मोठी संपत्ती असली तरी ती माणसाबरोबर संपते.

याचा प्रत्यय अलीकडच्या काळात आला. २०२० मध्ये कोविडमुळे यात्रा व बाजार थांबले. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली आणि महाराष्ट्रात जनावरांचे बाजार, प्रदर्शने व वाहतूक यांवर निर्बंध आले. ज्या संघाचे कार्य केवळ प्रदर्शनापुरते असेल, त्याचे वर्ष अशा वेळी कोरे जाते. ज्याच्याकडे नोंदवही असेल, त्याचे काम गोठ्यागोठ्यांतून चालू राहू शकते.

आज ही नोंद पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहे. जनावराच्या कानाला बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला लावून संगणकीय नोंद ठेवली जाते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. तथापि शासकीय नोंद मुख्यतः मालकी, लसीकरण आणि उपचार यांची असते. नैसर्गिक पैदाशीत बाप कोण, हे रानात गुरे राखणाऱ्यालाच ठाऊक असते. ती माहिती बारा अंकी क्रमांकाशी जोडणे, हे काम गावपातळीवरचा संघच करू शकतो.

अडचणी

पहिली अडचण कामाची. पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर यांनी चिखलणीचे काम घेतल्याने बैलाची गरज घटली. खिल्लारच्या बाबतीत बैलगाडा शर्यतींनी एक वेगळी मागणी टिकवून धरली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. संथ व कष्टाळू डांगीला मात्र असा पर्याय उपलब्ध नाही.

दुसरी अडचण चराईची. डोंगरातील चराई वनक्षेत्रावर अवलंबून आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. परंतु तो सिद्ध करण्यासाठी ग्रामसभेला पुरावे मांडावे लागतात. येथेही कळपाची नोंद उपयोगी पडते. तसेच २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत पाळीव जनावरांच्या स्थानिक वंशांची नोंद करता येते.

तिसरी अडचण अर्थकारणाची. २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायदादुरुस्तीने गायीप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीसही राज्यात बंदी झाली. त्यानंतर काम न करणाऱ्या नराचा सांभाळ हा मालकाच्या खर्चाचा भाग झाला. २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय झाला. गोशाळेचे काम निराधार जनावराला आश्रय देण्याचे आहे. दावणीला वळू राखून पैदास करणाऱ्या पशुपालकाचे काम वेगळे आहे. दोहोंची गरज मान्य केली, तरी गोवंशाची पुढची पिढी दुसऱ्याच्याच दावणीला जन्मते, हे विसरून चालणार नाही.

महाविद्यालयांची भूमिका

हा विषय केवळ पशुवैद्यकांचा नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि अकोले या भागांतील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी पशुपालक कुटुंबांतील आहेत. प्राणिशास्त्र विभागास सगोत्र संकराचे प्रमाण, वनस्पतिशास्त्र विभागास डोंगरउतारावरील गवतांच्या जाती, भूगोल विभागास चराईचे मार्ग, संख्याशास्त्र विभागास कळपांची गणना आणि मराठी विभागास रंग, दात व चालीवरून पडलेल्या जनावरांच्या नावांचा शब्दसंग्रह, असे अभ्यासाचे विषय अगदी जवळ उपलब्ध आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर एखाद्या पाड्यावरील वंशनोंदीसाठी योजल्यास सात दिवसांत त्या पाड्यातील प्रत्येक गायीची एक पानाची नोंद होऊ शकते. अशी नोंद पैदासकारांच्या हाती राहावी आणि तिची प्रत महाविद्यालयात जतन व्हावी. संशोधनासाठी माहिती घेऊन ती गावाकडे परत न देण्याची प्रवृत्ती येथे कटाक्षाने टाळावी लागेल.

समारोप

पैदासकार संघाच्या वर्षात पोळा आणि प्रदर्शन हे दिवस लोकांच्या नजरेत भरतात. परंतु गोवंशाचे भवितव्य उन्हाळ्यातील गणना, पावसाळ्यातील चार ओळींची टिपणे, हिवाळ्यातील खोंडांची निवड आणि फाल्गुनातील वळूंची अदलाबदल या कामांवर ठरते. हजार गायी असूनही तीनच वळू उरलेला कळप आतून रिता होत जातो, हे गणित भावनेने बदलत नाही. डांगीसाठी आवश्यक असलेले तेरा वळू तेरा वाड्यांत राखले जावेत, त्यांचे आई-बाप नोंदलेले असावेत आणि दर तीन वर्षांनी ते पुढच्या वाडीला जावेत, इतकी साधी या कामाची व्याख्या करता येते. ज्या पिढीला कोणता वळू कोणाचा हे अजून तोंडपाठ आहे, ती पिढी आज वृद्ध आहे. तिच्या हयातीतच ही नोंदवही सुरू होणे आवश्यक आहे.